वजन उतरवायचंय पण केस, रक्त, ताकद टिकवून: वरण-भाजी-भाकरीतला कॅलरीचा हिशोब

पहिल्यांदा मी वजन कमी केलं तेव्हा सहा आठवड्यात सात किलो उतरलं होतं. जो भेटेल तो विचारायचा काय केलंस, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की सकाळी फळं, दुपारी काकडी-गाजर, रात्री दुधीचं सूप, बास. मग साधारण अडीच महिन्यांनी केस विंचरताना हातात पुंजके यायला लागले, एक जिना चढला की धाप, दुपारी चारला डोकं जड, आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४, बायकांचं १२ च्या वर पाहिजे. डॉक्टरांनी एकच विचारलं, दिवसाला डाळ किती खाता? मला उत्तरच देता आलं नाही, कारण डाळ मी बंदच केलेली, डाळीने वजन वाढतं असं कुणीतरी सांगितलेलं. पुढच्या आठ महिन्यात ते सात किलो परत आले आणि वर दोन घेऊन आले.

दुसऱ्यांदा ७४ वरून ६३ वर यायला मला दहा महिने लागले, पण केस जागेवर, हिमोग्लोबिन १२.६, आणि घरात वेगळा स्वयंपाक एक दिवस पण केला नाही. फरक एवढाच की या वेळी वहीत दोन रकाने केले. एकात हा पदार्थ किती कॅलरी घेऊन येतो, आणि दुसऱ्यात तो त्याबरोबर अजून काय देतो, म्हणजे प्रोटीन, लोह, कॅल्शियम, चोथा (फायबर). पहिल्या वेळी माझ्याकडे एकच रकाना होता. हे सगळं लिहितेय कारण माझ्या आजूबाजूला अजून बऱ्याच जणी काकडी आणि सूपवर आहेत आणि मला ते बघवत नाही.

एक गोष्ट आधीच. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल, गरोदर असाल, बाळ अंगावर पित असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण जेवण कमी केलं आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि बाकीच्यांनी पण सुरू करायच्या आधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), बी १२, व्हिटॅमिन डी, थायरॉइड आणि शुगर एवढं एकदा करून घ्या. कमतरता आधीपासून असेल तर ती डाएटमध्ये वाढू शकते.

आधी आपला आकडा काढा

मिफ्लिन-सेंट जिओर नावाचा एक फॉर्म्युला आहे, १९९० चा, मोबाईलवरची बरीच कॅलक्युलेटर तोच वापरतात. वजन किलोत गुणिले १०, त्यात उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५ मिळवा, त्यातून वय गुणिले ५ वजा करा. मग बायकांनी आणखी १६१ वजा करायचे, पुरुषांनी ५ मिळवायचे. हे झालं शरीर नुसतं पडून राहिलं तरी लागतं तेवढं. ते दिवसभर बसून काम असेल तर १.२ ने गुणायचं, रोजचं थोडंफार चालणं आणि घरकाम असेल तर १.३७५ ने.

माझं सुरुवातीचं: वजन ७४, उंची १५८, वय ३८. ७४० अधिक ९८७ वजा १९० वजा १६१, म्हणजे साधारण १३७६. गुणिले १.३७५ केलं की १८९० च्या आसपास. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथे राहणार. त्यातून मी ४०० कमी केले आणि १५०० धरले. आमच्या ह्यांचं ८२ किलो, १७० सेंटिमीटर, वय ४३, त्यांचं आलं २३००, त्यातून ५०० काढले तर १८००.

आता कितीने उतरेल? एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ४०० कमी म्हणजे आठवड्याला २८००, म्हणजे महिन्याला दीड किलो, आणि हाच वेग चांगला आहे, हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो जातात ते बहुतेक पाणी असतं, कारण शरीरात साठवलेली साखर, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, ती स्वतःच्या तिप्पट पाणी धरून बसते आणि ती संपली की ते पाणी पण जातं. म्हणून त्या पहिल्या आठवड्यावर खूश होऊ नका आणि पुढच्या आठवड्यात काटा हलला नाही म्हणून रडू पण नका.

बायकांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये. कारण सरळ आहे, एवढ्याशा अन्नात लोह, कॅल्शियम, प्रोटीन बसवायला जागाच उरत नाही. त्यात फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो आणि केस गळतात ते तर मी भोगलंच आहे, ते लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात, त्यामुळे तेव्हा कुणाला डाएटची आठवण पण होत नाही, शाम्पूला दोष देत बसतात.

वजनकाटा घ्या, पण दोन आठवड्यांपुरता

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा कुठेही मिळतो. आयुष्यभर मोजत बसायचं नाहीये, दोन आठवडे मोजलं की डोळ्याला सवय होते. मी घरातल्या वाट्या, चमचे, पळ्या सगळं एकदा मोजलं आणि कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला. आमच्या फोडणीच्या पळीत ३० मिली तेल मावत होतं, म्हणजे २४५ कॅलरी, आणि मी इतकी वर्षं 'एक पळी तेल' म्हणून निवांत होते.

मोजताना कच्चं मोजा. तांदूळ शिजला की अडीच ते तीन पट होतो, म्हणून १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५० कॅलरी आणि १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३०. अ‍ॅपमध्ये लोक 'राईस' शोधतात, समोर येईल ते दाबतात आणि हिशोब तिथेच गंडतो. डाळीचं पण तसंच, पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ किती हे वाटीवरून कळतच नाही, कुकरला लावताना किती घातली आणि किती जणांनी खाल्ली त्यावरून काढा.

लक्षात ठेवायचे आकडे फार नाहीत. एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रोटीन ४, एक ग्रॅम तेल-तूप ९. दारू घेत असाल तर तिचा अल्कोहोल ग्रॅमला ७, आणि तिच्या दुसऱ्या रकान्यात लिहायला काही नसतं. ३० ग्रॅम कणकेची पोळी तेल न लावता १०० कॅलरी. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी १७०. कुठलीही डाळ किंवा कडधान्य कच्चं ३० ग्रॅम म्हणजे १०० कॅलरी आणि साडेसहा-सात ग्रॅम प्रोटीन. अंडं ७० कॅलरी, ६ ग्रॅम प्रोटीन. गाईचं दूध १०० मिली ६५, म्हशीचं १०० च्या थोडं वर. चहाचा एक चमचा साखर २० आणि चहाचा एक चमचा तेल ४५. गुळाचं म्हणाल तर कॅलरी जवळपास साखरेएवढ्याच आहेत, गूळ घातला म्हणून दोन कप जास्त प्यायचे असं होत नाही, मधाचं आणि खजुराचं पण तेच.

कमी करायचं तर पहिलं तेल

मला विचाराल तर भाकरी-भात कमी करायच्या आधी तेल बघा. कारण तेलाच्या पहिल्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा आणि दुसऱ्या रकान्यात फार थोडं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २००० कॅलरीच्या ताटाला साधारण २७ ग्रॅम तेल-तूप धरते. चार माणसांच्या घराला महिन्याला हे होतं सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटर. आमच्याकडे साडेपाच लिटर लागत होतं, सणवार सोडून. वरचे दोन लिटर म्हणजे प्रत्येक माणसामागे रोज १३५ च्या आसपास कॅलरी, आणि त्या कुणाच्या जिभेला कळत पण नव्हत्या.

उपाय असा केला की महिन्याच्या एक तारखेला साडेतीन लिटर एका वेगळ्या कॅनमध्ये ओतायचं आणि महिना त्यातच काढायचा. पहिल्या महिन्यात २४ तारखेला संपलं. मग हळूहळू हात बसला. फोडणी चहाच्या चमच्याने, एका माणसाला एका भाजीत एक चमचा. कांदा परतताना कोरडा पडला की तेल नाही घालायचं, दोन चमचे पाणी शिंपडायचं आणि झाकण ठेवायचं. भरल्या वांग्याला तेल सुटेपर्यंत थांबायची सवय होती ती सोडली, वाटण नीट भाजलेलं असेल तर चव त्यातच असते. उसळीवर तर्री हवीच असेल तर ती वेगळी काढून ज्याला पाहिजे त्याने वरून घ्यायची. मासे तळण्यापेक्षा केळीच्या पानात किंवा तव्यावर चमचाभर तेलात, रवा लावलेला बोंबील तेल किती पितो हे एकदा तेल मोजून तळून बघा.

पण तेल शून्य करू नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात, ती अंगी लागायला ताटात थोडी स्निग्धता पाहिजे. १५०० कॅलरीत तेल-तूप मिळून दिवसाला चार चहाचे चमचे मी ठेवते. वरणावर तूप हवं असेल तर खुशाल घ्या, तेवढं भाजीतून काढा. दाण्याचा कूट आणि ओलं खोबरं पण याच हिशोबात येतात. १० ग्रॅम कूट ५५ कॅलरी, पण त्यात अडीच ग्रॅम प्रोटीन आहे म्हणून कोशिंबिरीतला कूट मी काढला नाही. कोकणातल्या मैत्रिणीला खोबऱ्याशिवाय आमटी चालत नाही, तिला मी म्हटलं नारळ तोच ठेव, फक्त अर्धी वाटी ऐवजी पाव वाटी वाट आणि दाटपणाला दोन चमचे शिजलेली डाळ घाल.

मग प्रोटीन वाढवा, आणि इथे खरी मेहनत आहे

आपल्या घरचं जेवण चांगलंच असतं, पण त्याचं प्रमाण असं असतं की तीन पोळ्या, भाताचा ढीग, त्यावर पिवळं पाणी म्हणावं असं वरण, आणि चमचाभर उसळ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत साध्या निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन आहे. वजन कमी करताना ते जास्त लागतं, किलोमागे १.२ ग्रॅम धरा, कारण कॅलरी कमी पडल्या की शरीर चरबीबरोबर स्नायू पण मोडायला लागतं. मी ते आत्ताच्या वजनावर न काढता जिथे पोचायचंय त्या वजनावर काढलं, ६२ गुणिले १.२, म्हणजे ७५ ग्रॅम. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

शाकाहारी घरात १५०० कॅलरीत ७५ ग्रॅम बसतं का? ओढाताण होते पण बसतं. माझा एक नेहमीचा दिवस लिहिते, आकडे थोडे इकडेतिकडे होणार.

सकाळी चहा, १०० मिली गाईचं दूध आणि एक चमचा साखर, ८५ कॅलरी, ३ ग्रॅम प्रोटीन. नाश्त्याला ६० ग्रॅम मुगाची, रात्री भिजवून सकाळी वाटलेली दोन धिरडी एक चमचा तेलात, लसूण-मिरची-कोथिंबीर घालून, २५० कॅलरी आणि १४ ग्रॅम. दुपारी एक ज्वारीची भाकरी, ४० ग्रॅम मटकीला मोड आणून त्याची उसळ, एखादी पालेभाजी, काकडीची कोशिंबीर कूट घालून आणि १०० ग्रॅम दह्याचं मोठा ग्लास ताक, सगळं मिळून ५५५ आणि २३ ग्रॅम. चार वाजता एक पेरू आणि मूठभर म्हणजे २५ ग्रॅम फुटाणे, १६० आणि ७ ग्रॅम, त्याच्याबरोबर नाही, तासाभराने बिनसाखरेचा चहा, ६५ आणि ३. रात्री एक पोळी, ३० ग्रॅम तुरीचं दाट वरण, फ्लॉवर किंवा दुधी किंवा घेवडा भरपूर, आणि ५० ग्रॅम पनीरची भुर्जी, ४२५ आणि २१. बेरीज १५४० कॅलरी, ७१ ग्रॅम प्रोटीन. पनीरच्या जागी २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घेतल्या तर कॅलरी १४९० च्या खाली येतात आणि प्रोटीन ७५ ला पोचतं. सोयाच्या वड्यांना वास येतो म्हणून लोक टाळतात, त्या गरम पाण्यात मीठ घालून दहा मिनिटं ठेवा, दोनदा घट्ट पिळा, आणि मग सुक्या मसाल्यात परता, वास राहत नाही.

अंडं-मासे खाणाऱ्यांना हे फार सोपं आहे. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, १०० ग्रॅम कच्चं चिकन विदाउट स्किन म्हणजे २० च्या वर, बांगडा-बोंबील-सुरमई ज्याला जे परवडेल ते. तिथे एकच बघायचं, चिकनचा रस्सा वाढताना वरचं तेल की खालचे तुकडे, वाटीत काय येतंय.

पिठलं करा, पण बेसन जास्त आणि तेल कमी. वरण दाट करा, हे सगळ्यात स्वस्त औषध आहे. पोळीच्या पिठात सोयाबीनचं पीठ मिसळायला हरकत नाही, पण त्याने फार फरक पडत नाही, खरा फरक डाळीच्या वाटीने पडतो. आणि प्रोटीन पावडर घ्यायची का असं सगळ्या विचारतात, घ्यायची तर घ्या, पण आधी वरण दाट करून बघा, पावडरमध्ये चोथा नसतो, मटकीत असतो. प्रोटीनच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम पाहिजे, बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं काहीही चालेल. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत.

दुसरा रकाना: लोह, कॅल्शियम, बी १२

लोह बायकांना दिवसाला २९ मिलिग्रॅम सांगितलंय आणि पुरुषांना १९. म्हणजे बायकोला नवऱ्यापेक्षा कमी कॅलरीत त्याच्यापेक्षा जास्त लोह बसवायचंय, आणि आपल्याकडे घरोघरी शेवटी उरलेलं ती खाते. हे मला फार लागतं. पालेभाजी आधी स्वतःच्या ताटात वाढा. माठ, मेथी, शेपू, चाकवत, राजगिरा, जे मिळेल ते, रोज एक जुडी चार जणांत तरी. पालेभाजीतलं आणि कडधान्यातलं लोह शरीर पटकन घेत नाही, त्याला व्हिटॅमिन सी ची सोबत लागते, म्हणून उसळीवर लिंबू पिळा, जेवणात आवळ्याचं काहीतरी ठेवा, पेरू खा. आणि जेवणावर लगेच चहा अजिबात नको, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, एक तास तरी मध्ये जाऊ द्या. माझं हिमोग्लोबिन वर यायला गोळ्यांबरोबर या चहाच्या तासाचा हात आहे असं मी मानते. लोखंडी कढईत आंबट काही केलं तर लोह थोडं उतरतं, टोमॅटो घातलेली भाजी तिच्यात करा, फक्त शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम. दूध-दही-ताक मिळून ३०० मिली दूध पोटात गेलं की साडेतीनशेच्या आसपास झालं. ५० ग्रॅम नाचणीची भाकरी केली तर त्यात पावणेदोनशे, म्हणून मी आठवड्यातून तीन दिवस ज्वारीऐवजी नाचणी करते. न सोललेले तीळ मोठा चमचाभर चटणीत गेले की शंभरच्या आसपास. राहिलेलं पालेभाजी आणि कडधान्यातून. डाएटच्या नावाखाली दूध-दही पहिलं बंद करतात लोक, ते करू नका, साय काढा आणि प्या.

बी १२ वनस्पतीत नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दही-पनीरमधूनच मिळतं आणि बऱ्याच जणांना तेवढं पुरत नाही, तेव्हा तपासा आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील ती गोळी घ्या, इथे घरगुती उपाय नाही.

भाज्यांचं एवढंच सांगते की ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर असली की पोट भरतं. २०० ग्रॅम दुधी किंवा पडवळ म्हणजे ५० कॅलरी पण नाहीत, चोथा मिळतो, भूक थांबते. बटाटा आणि रताळं मात्र भाजीच्या रकान्यात लिहू नका, ते भाताच्या रकान्यात.

उपास

यावर जरा जास्त लिहिते कारण आमच्या घरात एकादशी, संकष्टी, सोमवार धरून महिन्याला सात-आठ उपास असतात आणि प्रत्येकीला वाटतं की उपासाने वजन उतरेल. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी आणि प्रोटीन अर्धा ग्रॅम पण नाही. एका माणसाची खिचडी धरा: ८० ग्रॅम साबुदाणा २८०, ३० ग्रॅम कूट १७०, दीड मोठा चमचा तूप १८०, छोटा बटाटा ४०. झाले ६७० आणि प्रोटीन जेमतेम ८ ग्रॅम, ते पण सगळं कुटाचं. वर तळलेली पापडी आणि गोड दही. माझं दुपारचं अख्खं जेवण ५५५ चं आहे.

उपास सोडा असं मी म्हणणार नाही, माझी श्रद्धा आहे आणि मी करते. फक्त पदार्थ बदला. ५० ग्रॅम भगर, २० ग्रॅम दाण्याची आमटी, एक चमचा तूप, दीडशे ग्रॅम दही आणि एक फळ, सगळं मिळून ४७० च्या आसपास आणि प्रोटीन १३ ग्रॅम. किंवा राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ काकडी किसून घालून, राजगिऱ्यात प्रोटीन चांगलं आहे, १०० ग्रॅमला १३-१४. साबुदाणा खायचाच असेल तर ४० ग्रॅम घ्या आणि त्यात काकडी भरपूर. आणि उपास सोडताना रात्री दुप्पट जेवण होतं तिकडे लक्ष ठेवा, दुपारी दही-दाणे पोटात गेले असतील तर ते होत नाही.

दोन वेळा खायचं की सहा वेळा

महाराष्ट्रात हा वाद घराघरात झालाय. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, ऋजुता दिवेकर सांगतात थोडं थोडं करून खा आणि आपल्या मातीतलं खा. दोन्हीने उतरलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि दोन्हीने न उतरलेली पण. मी वह्या बघितल्या त्यांच्या, ज्यांचं उतरलं त्यांच्या दिवसाची बेरीज कमी झाली होती, एवढंच. तुम्हाला ज्यात भूक सांभाळता येते ते करा. माझ्या मते अडचण दोनदा जेवण्यात एकच आहे, दोन जेवणांत ७० ग्रॅम प्रोटीन आणि सगळ्या भाज्या बसवायला ताट फार विचारपूर्वक भरावं लागतं, नाहीतर दोनदा पोळी-भातच जास्त खाल्ला जातो.

भात सोडू नका, ज्यांना भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्यांनी तर नाहीच. १५० ग्रॅम शिजलेला भात १९५ कॅलरी, त्यावर दाट वरण किंवा माशाची आमटी आणि बाजूला भाजी, हे चांगलं जेवण आहे. एका वेळी पोळी किंवा भात, दोन्ही नको, एवढा नियम पुरतो.

बाहेरचा वडापाव ३०० च्या आसपास धरा, एक खा, दुसरा नको, आणि संध्याकाळच्या जेवणातली पोळी काढा पण वरण-भाजी काढू नका. लोक नेमकं उलटं करतात, वडापाव खाल्ला म्हणून रात्री काहीच खात नाहीत, म्हणजे त्या दिवशीचं प्रोटीन पण गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुकेने चिवड्याचा डबा उघडला जातो. लोणचं-पापडात कॅलरीपेक्षा मिठाचा प्रश्न आहे, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत.

काटा थांबला की

वजन रोज करू नका, आठवड्याला एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी धरतं शरीर, त्यामुळे आपल्या या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करा. टेपने कंबर मोजा, आपल्या भारतीय बांध्याला बायकांची ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या आत पाहिजे. बऱ्याचदा काटा तिथेच असतो आणि कंबर दोन सेंटिमीटर कमी झालेली असते.

माझं ६६ ला येऊन पाच आठवडे अडकलं होतं. आधी वही परत उघडली, तर कूट चमच्याऐवजी मुठीने पडायला लागला होता आणि चहा तीन झाले होते. तेवढं सुधारलं. मग फॉर्म्युला नव्या वजनाने परत मांडला, १७८० च्या आसपास आला, म्हणजे हलकं झालेलं शरीर आता रोज शंभरेक कॅलरी कमी जाळत होतं आणि मी मात्र जुन्याच आकड्यावर बसले होते. दर चार-पाच किलोला हे परत मांडावं लागतं. ताटातून ७० च्या आसपास कॅलरी काढल्या, त्या कुठून तर चहातली साखर गेली, आणि भाकरी ५० ग्रॅमऐवजी ३५ ग्रॅमची थापायला लागले. मूग, मटकी, ताक, पालेभाजी यांना हात लावला नाही, आणि संध्याकाळी चालणं अर्ध्या तासाचं चाळीस मिनिटं केलं. तीन आठवड्यांनी काटा परत खाली सरकायला लागला.